सिनानने टाइल्स कुठे लावल्या आणि कुठे नाही लावल्या : इस्तंबूल आणि इझनिक

इस्तंबूलला जाऊन आलेल्या लोकांचे ब्लू मॉस्क आणि आया सोफियाचे फोटो आपण सगळ्यांनीच बघितलेले असतात. आम्हाला यावेळी मिमार सिनानच्या मशिदी बघायच्या होत्या, त्याही घाईघाईने टिक मारत नाही तर एका दिवसाला एकच, निवांत बसून. सिनान म्हणजे ऑटोमन सुलतान सुलेमानचा मुख्य आर्किटेक्ट. कायसेरीजवळच्या आगर्नास गावात ख्रिश्चन घरात जन्मलेला, तिथून उचलून सैन्यात घेतलेला, जॅनिसरी म्हणजे सुलतानाच्या खास पायदळातला शिपाई म्हणून मोहिमांवर पूल-बिल बांधत काम शिकलेला माणूस. १५३९ च्या आसपास तो मुख्य आर्किटेक्ट झाला आणि १५८८ मध्ये जाईपर्यंत त्याच पदावर राहिला, म्हणजे जवळपास पन्नास वर्षं, तीन सुलतानांच्या हाताखाली. सोबत माझी आई होती. तिने आयुष्यभर भरतकाम केलंय, त्यामुळे नक्षी बघायची तिची नजर माझ्यापेक्षा कितीतरी पक्की, आणि ट्रिपमध्ये त्याचा मला भयंकर फायदा झाला.

मंगळवार, सुलतानअहमद

सकाळी ट्रामने सुलतानअहमदला उतरलो आणि आधी ब्लू मॉस्कच बघितली, कारण हॉटेलपासून सगळ्यात जवळ तीच. ही सिनानची नाही, त्याच्या हाताखाली शिकलेल्या सेदेफकार मेहमेद आगाची, १६०९ ला काम सुरू होऊन १६१६-१७ च्या सुमारास पूर्ण झाली. सहा मिनार, बाहेरून घुमटांची उतरंड, आणि बाहेरून ती खरंच देखणी आहे, यात वादच नाही. मधला मोठा घुमट साधारण साडेतेवीस मीटर रुंद, त्याच्या चारही बाजूंना अर्धे घुमट, त्या अर्ध्यांना पुन्हा छोटे अर्धे घुमट. सगळा भार असा पायरी पायरीने खाली उतरतो, अंगणात उभं राहिलं की हे डोळ्यांना लगेच कळतं, कुणी समजावून सांगायची गरज पडत नाही.

आत गेल्यावर मात्र माझं मन तितकंसं रमलं नाही. मधले चार खांब जवळजवळ पाच मीटर जाडीचे, तिथे त्यांना हत्तीचे पायच म्हणतात, आणि कुठेही उभं राहा, एक ना एक खांब समोर येतोच. टाइल्स वीस हजारांच्या वर आहेत असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ते खरंच आहे, पण त्यातल्या सगळ्यात चांगल्या टाइल्स वरच्या गॅलरीत, आणि आपण खाली रेलिंगच्या अलीकडे माना वर करून उभे. वरचा जो निळा रंग फोटोत दिसतो तो टाइल्सचा नाहीच, ते प्लास्टरवरचं रंगकाम आहे आणि त्यातलं पुष्कळसं नंतरच्या काळात केलेलं. त्यात अजून एक गोष्ट म्हणजे या मशिदीच्या वेळेपर्यंत टाइल्सचा भाव दरबाराने बांधून दिलेला होता आणि कारागिरांचा खर्च मात्र वाढत चाललेला, त्यामुळे पुढे पुढे काम घसरत गेलं. काही टाइल्सचा लाल रंग तपकिरी झालेला आणि निळा काठाबाहेर ओघळलेला खालूनसुद्धा दिसतो. आई म्हणाली, "अगं, हे घाईचं काम आहे." बास, ते वाक्य मी डोक्यात ठेवलं आणि पुढचे सगळे दिवस तेच शोधत होते, की मग घाईचं नसलेलं काम कसं दिसतं.

बुधवार, रुस्तम पाशा

एमिनोनूला उतरून मसाला बाजाराच्या बाजूने हसिरजिलार गल्लीत शिरायचं. कॉफी भाजल्याचा वास, हातगाड्या, प्लास्टिकचे डबे, दोरखंड, चाळण्या, लग्नाच्या बॅगा, गर्दी अशी की आईचा हात सोडायची सोय नाही. आणि या गर्दीत मशीद दिसतच नाही. एका कमानीत जिना आहे, अंधारा, अरुंद, वर बाण दाखवणारी छोटी पाटी, तेवढंच. तो जिना चढलं की एकदम मोकळ्या गच्चीवर येतो आपण आणि बाजाराचा आवाज खाली राहतो. सिनानने मुद्दामच मशीद उचलून वर घेतलीय, खाली दुकानांचे गाळे काढलेत आणि त्या गाळ्यांचं भाडं मशिदीच्या खर्चाला लावून दिलेलं होतं. बंदराजवळच्या एवढ्या दाटीत जमिनीवर बांधली असती तर उजेडच मिळाला नसता, तर भाडंही मिळालं आणि उजेडही मिळाला.

रुस्तम पाशा हा सुलेमानचा वजीर आणि जावई, म्हणजे त्याची मुलगी मिहरिमाह सुलतान हिचा नवरा. पैशाच्या बाबतीत हुशार आणि चिक्कू म्हणून प्रसिद्ध होता. त्याची एक गोष्ट सांगतात, लग्न ठरत असताना शत्रूंनी उठवलं की याला कुष्ठरोग आहे, मग दरबारातून हकीम तपासायला गेला आणि त्याच्या कपड्यात ऊ सापडली, आणि कुष्ठरोग्याच्या अंगावर ऊ राहत नाही असा तेव्हाचा समज, म्हणून लग्न झालं. एका उवेवर नशीब उघडलेला माणूस. १५६१ मध्ये तो गेला आणि ही मशीद त्याच्या आसपासच्याच वर्षांत उभी राहिली, पुढची व्यवस्था मिहरिमाहने बघितली.

आता टाइल्स. खरं सांगते, दारातच थांबलो आम्ही. व्हरांड्याच्या भिंतीपासूनच सुरुवात होते, दाराच्या डावीकडे फुललेल्या फांद्यांचं एक मोठं पॅनल आहे त्यात मँगनीजचा जांभळा रंग वापरलाय, तो आत फारसा कुठे दिसत नाही. आणि आत गेल्यावर तर काय, भिंती, खांब, मिहराब म्हणजे मक्केच्या दिशेच्या भिंतीतला तो कोनाडा, गॅलरीच्या खालचा भाग, सगळं टाइल्सनी मढवलेलं. ट्युलिपचेच चाळीसच्या वर वेगवेगळे प्रकार आहेत म्हणतात, आम्ही मोजले नाहीत पण दोन खांबांवरचे ट्युलिप सारखे नाहीत एवढं बघितलं. कार्नेशन, हायसिंथ, डाळिंबं, मधेच वळसा घेऊन गेलेलं लांब करवती काठाचं पान. निळा, फिरोजी, पांढरी पार्श्वभूमी आणि तो लाल!

लाल रंगाबद्दल मी आधी वाचलं होतं पण बघितल्याशिवाय ते कळत नाही. इतर रंग टाइलच्या अंगात उतरलेले, सपाट. लाल मात्र उठून वर आलेला असतो, अगदी सांडगा घातल्यासारखा जाड थेंब. समोरून बघितलं तर लक्षात येत नाही, पण आपण जरा बाजूला सरकून भिंतीच्या कडेने बघितलं की खिडकीचा उजेड त्या थेंबांवर चमकतो आणि बाकीची फुलं मागे जातात. आईने मला हाताला धरून तिथे उभं केलं, "इथून बघ, इथून." मग आम्ही दोघी भिंतीला गाल लावल्यासारख्या उभ्या राहून एकेक पॅनल बघत फिरलो, हात मात्र लावला नाही. काही ठिकाणी जोड जुळत नाहीत, एक देठ टाइलच्या काठाशी संपतो आणि पुढच्या टाइलवर दुसरंच फूल सुरू होतं, म्हणजे तिथे कधीतरी पडझड झाल्यावर मिळेल ती टाइल बसवलेली. अशा जागा शोधायला पण मजा येते.

घुमट छोटा आहे, पंधरा मीटरच्या आसपास, आठ आधारांवर बसवलेला, त्यातले चार मोकळे अष्टकोनी खांब आणि चार भिंतीला चिकटलेले. पण हे मला घरी येऊन प्लॅन बघितल्यावर नीट समजलं, तिथे असताना नाही, आणि माझ्या मते या मशिदीत उणं काय ते हेच. टाइल्सनी सगळंच झाकलंय, कुठला खांब भार घेतोय आणि कुठली नुसती भिंत आहे ते नक्षीत हरवून जातं. एकेक टाइल बघायला जगात याहून चांगली जागा नसेल, पण तासाभराने डोळ्यांना विश्रांती हवी वाटते आणि ती मिळत नाही.

गुरुवार, इझनिक

येनिकापीहून फेरीने यालोवा, तिथून मिनीबस. मिनीबस ओरहानगाझीवरून तळ्याच्या काठाने जाते, दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं. इझनिक आता छोटंसं गाव आहे, जुन्या तटबंदीच्या आत मावणारं, पण सोळाव्या शतकात दरबाराच्या बहुतेक टाइल्स इथून जायच्या. गावात भट्ट्यांचं उत्खनन चाललेलं आहे, जाळीच्या पलीकडून खड्डे दिसतात, बघायला फार काही नाही. गावातली येशिल जामी, म्हणजे हिरवी मशीद, मात्र चुकवू नका, १३७८ ते १३९१ च्या दरम्यानची, म्हणजे सिनानच्या दीड-दोनशे वर्षं आधीची, तिच्या मिनारावर हिरव्या-जांभळ्या विटांची नक्षी आहे, गोधडीसारखी नाही तर अगदी शिस्तीतली नागमोडी.

आम्हाला बघायचं होतं टाइल कशी बनते ते. सुलेमान पाशा मदरशाच्या जुन्या खोल्यांमध्ये आता कारागिरांची दुकानं आहेत, तिथे एका बाईंनी आम्हाला सगळं दाखवलं, भाषा येत नसताना, हातवारे आणि फोनमधल्या ट्रान्सलेटरवर. पहिली गोष्ट म्हणजे ही टाइल आपल्या कुंभाराच्या मातीची नव्हे. तिचा बहुतेक भाग म्हणजे दळलेली गारगोटी, क्वार्ट्झ, त्यात थोडी काचेची पूड आणि थोडी पांढरी माती, एवढंच बांधायला. त्यामुळे मळताना ती हातात नीट येत नाही, चाकावर चढवायला त्रासदायक, वाळताना तुटते, पण एकदा भाजली की पांढरीशुभ्र आणि टणक. वर पुन्हा शुद्ध पांढरा लेप, त्यावर चित्र, त्यावर काचेचा थर आणि मग नऊशे अंशांच्या आसपास भट्टी. चित्र काचेच्या खाली असतं म्हणून साडेचारशे वर्षं झाली तरी पुसलं गेलं नाही.

चित्र उतरवायची पद्धत बघून आई खुर्चीवरून उठलीच. कागदावर नक्षी काढायची, रेघेवर सुईने भोकं पाडायची, कागद टाइलवर ठेवून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी फिरवायची, की खाली ठिपक्यांची रेघ उमटते. आई साडीवर नक्षी उतरवायची ती अशीच, भोकांचा कागद आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ, आमच्या घरात ते कागद गुंडाळून कपाटावर ठेवलेले असायचे. तिने त्या बाईंना खुणेने विचारलं की कागद उलटा ठेवून दुसरी बाजू काढता का, आणि त्या हसून हो म्हणाल्या, म्हणजे अर्धीच नक्षी काढायची आणि कागद उलटवून पूर्ण करायची. दोघींचं पुढे जे काही चाललं होतं त्यात मला कुणी विचारलं नाही. मग ठिपक्यांवरून काळी बारीक रेघ, ती एका दमात ओढावी लागते कारण पांढरा लेप ब्रशमधलं पाणी लगेच शोषून घेतो आणि खाडाखोड करता येत नाही.

आणि लाल. तो लोह असलेल्या मातीचा रंग आहे, बाकीच्यांसारखा काचेत विरघळत नाही, पातळ लावला तर भट्टीत तपकिरी पडतो नाहीतर नाहीसाच होतो. म्हणून तो जाड, थेंबासारखा ठेवायचा. इथे आम्हाला हात लावू दिला, डोळे मिटून बोट फिरवलं तरी लाल कुठे आहे ते सांगता येतं. हा लाल साधारण १५५७ पासून मोठ्या कामांत दिसायला लागतो आणि सतराव्या शतकात हळूहळू बिघडत नाहीसा होतो, कारण काम कमी झालं, भट्ट्या बंद पडल्या, नंतर टाइल्सचं काम कुताह्याला गेलं. विसाव्या शतकाच्या शेवटी लोकांनी पुन्हा प्रयोग करून तो बसवला. आईने एक छोटी टाइल घेतली, एकच कार्नेशन असलेली, किंमत ऐकून मी गप्प बसले पण ती बघत बसलेली पाहिल्यावर पैसे वसूल आहेत असं वाटलं.

येताना फेरी उशिरा, रात्री सिमित, म्हणजे तीळ लावलेला गोल पाव, आणि चहावर भागवलं.

शुक्रवार, सुलेमानिये

शुक्रवारी दुपारच्या नमाजपर्यंत पर्यटकांना आत सोडत नाहीत, म्हणून सकाळी बाहेरचंच फिरलो आणि ते फार बरं झालं. सुलेमानिये म्हणजे नुसती मशीद नाही, मदरसे, दवाखाना, लंगरखाना, हमाम, सराई असं अख्खं संकुल आहे, टेकडीच्या उतारावर पायऱ्या पायऱ्यांनी बसवलेलं. १५५० ला सुरू, १५५७ ला पूर्ण. बांधकामाच्या हिशेबाच्या वह्या टिकून आहेत आणि त्यावरून कळतं की कामावर मुसलमान आणि ख्रिश्चन दोन्ही होते, कोण किती दिवस आला, दगड कुठून आला, सगळं लिहिलेलं. याच सुमाराला, १५४९ मध्ये, आपल्याकडे अहमदनगरला (आता अहिल्यानगर) निजामशाहीसाठी मलिक-ए-मैदान तोफ ओतली जात होती आणि ती ओतणारा महंमद हा स्वतःला रूमी म्हणवणारा, म्हणजे ऑटोमन मुलखातूनच आलेला कारागीर. विजापूरला ती तोफ बघितली होती तेव्हा हे नुसतं नाव वाटलं होतं, इथे उभं राहिल्यावर ती माणसं कुठल्या जगातून येत होती ते कळलं.

चार मिनार आणि त्यांवर मिळून दहा सज्जे. सुलेमान हा इस्तंबूल जिंकल्यानंतरचा चौथा आणि घराण्यातला दहावा सुलतान म्हणून असं सांगतात. एका मिनाराची दंतकथा पण ऐकली, काम रखडलंय असं समजून इराणच्या शहाने रत्नांची पेटी पाठवली, हे घ्या आणि पूर्ण करा, तर सुलतानाने रागाने ती रत्नं मिनाराच्या दगडातच घालायला लावली. गोष्टच आहे, पण शहाला टोला लगावायची पद्धत आवडली मला.

दुपारी मशिदीसमोरच्या जुन्या ओळीत कुरु फासुल्ये आणि भात खाल्ला, पांढऱ्या राजम्याची टोमॅटोतली उसळ म्हणा, सोबत कच्चा कांदा आणि आयरान म्हणजे ताक. आईला इस्तंबूलमधलं सगळ्यात आवडलेलं जेवण हेच.

मग आत गेलो, आणि आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो उजेड आणि रिकामी जागा. टाइल्स जवळपास नाहीतच! बुधवारच्या नंतर तर हे इतकं विचित्र वाटतं की मी आधी शोधत राहिले. सगळा दगड फिकट राखाडी, कमानी लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या, घुमट साडेसव्वीस मीटर रुंद आणि जमिनीपासून साधारण त्रेपन्न मीटर उंच. आपल्या गोल घुमटाचा व्यास याहून पुष्कळ मोठा आहे, पण गोल घुमट म्हणजे एकच प्रचंड खोली, चारी बाजूंना जाड भिंती. इथे सिनानने पुढे-मागे दोन अर्धे घुमट देऊन, आया सोफियासारखीच मांडणी करून, भिंतींचं ओझं काढून घेतलंय, म्हणून भिंतींना एवढ्या खिडक्या पाडता आल्या. आणि ज्या बाजूंना अर्धे घुमट नाहीत तिथे आधाराच्या जाड भिंती लागतातच, त्या त्याने अर्ध्या आत आणि अर्ध्या बाहेर ठेवल्या आणि मधल्या जागेत दोन मजली व्हरांडे बसवले, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला सुंदर व्हरांडा दिसतो आणि त्याच्यामागे सगळा जोर झेलणारी भिंत लपलेली असते. आया सोफियाच्या बाहेरचे बोजड टेकू आदल्या दिवसांत बघितलेले असले ना, की यातली हुशारी जास्त कळते.

टाइल्स आहेत त्या फक्त मिहराबच्या भिंतीवर. तिथेच तो लाल पहिल्यांदा एवढ्या मोठ्या कामात वापरला गेला. खिडक्यांच्या वर निळ्यावर पांढरी अक्षरं, मिहराबच्या दोन्ही बाजूंना मोठी गोल पदकं, त्यातही अक्षरं. अक्षरांचं काम अहमद कराहिसारी या नावाजलेल्या खुशनविसाच्या परंपरेतलं, त्याचा मानलेला मुलगा हसन चेलेबीने केलेलं. वरच्या रंगीत काचेच्या खिडक्या बनवणाऱ्याचं नाव इब्राहिम, लोक त्याला दारुडा इब्राहिम म्हणायचे आणि इतिहासात तो त्याच नावाने राहिला. आता विचार करा, एवढी प्रचंड इमारत, सुलतानाचा पैसा, इझनिकच्या भट्ट्या हाताशी, आणि टाइल्स एकाच भिंतीवर, जिकडे सगळ्यांची तोंडं असणार तिकडेच. बाकी सगळं काम दगड आणि उजेड करतात.

अजून दोन गोष्टी मुद्दाम बघा. घुमटात तोंड खाली केलेले मातीचे घडे चिणलेले आहेत, आवाजासाठी, ते दिसत नाहीत पण इमाम साहेब माइक नसताना सहज काही बोलले तर मागे उभ्या असलेल्या आम्हाला स्वच्छ ऐकू आलं. आणि पूर्वी तेलाचे हजारो दिवे लागायचे त्यांचा धूर हवेच्या झोताने मुख्य दारावरच्या एका खोलीत जाईल अशी योजना होती, तिथे जमलेल्या काजळीची शाई करायचे. ज्या अक्षरांनी मशीद सजवली तसलीच अक्षरं लिहायला मशिदीच्याच दिव्यांची काजळी, हे मला इतकं आवडलं की मी त्या दाराखाली जाऊन बराच वेळ वर बघत होते. दिव्यांच्या कड्यांमध्ये शहामृगाची अंडी लावायचे, त्याने कोळी जाळी करत नाहीत असं म्हणतात.

मागच्या बागेत सुलेमान आणि त्याची बायको हुर्रेम यांच्या कबरी. हुर्रेम १५५८ ला गेली, तिचं दालन छोटं आणि टाइल्सवर बहरलेल्या झाडांच्या फांद्या, गर्दी तिथेच जास्त होती, सिरियलमुळे सगळे तिला ओळखतात. सिनानची कबर मात्र संकुलाच्या बाहेर, रस्त्याच्या तिठ्यावरच्या तिकोनी तुकड्यात, पांढरी, इतकी लहान की शेजारून गाड्या जातात आणि कुणी बघत नाही. जाळीतून दिसते. कबरीवरच्या कवितेत त्याच्या एवढ्या मशिदींबरोबर ब्युयुकचेकमेजेच्या पुलाचाही उल्लेख आहे, आणि पुलांवर काम शिकलेल्या माणसाला तो हवाच होता.

शनिवार, सोकोल्लू मेहमेद पाशा

ही मशीद बहुतेक लोक बघत नाहीत आणि मला विचाराल तर या सगळ्यांत हीच सगळ्यात सुंदर. सुलतानअहमदच्या मैदानापासून दहा-बारा मिनिटं उताराने चालत, कादिर्गाच्या शांत वस्तीत. १५७१-७२ ची. सोकोल्लू हा बोस्नियातला, ओळीने तीन सुलतानांचा मुख्य वजीर, १५७९ मध्ये त्याचा खून झाला; मशीद मात्र त्याची बायको इस्मिहान सुलतान, म्हणजे दुसऱ्या सेलिमची मुलगी, हिच्या नावाने. उतार इतका तीव्र की खालच्या रस्त्यावरून दारातून शिरलो की आपण मदरशाच्या वर्गाखालच्या जिन्यात असतो, आणि जिना चढता चढता समोर आधी कारंज्याचं छप्पर, मग व्हरांडा, मग घुमट असं एकेक वर येत जातं. चारी बाजूंनी नाही, तीन बाजूंनी विद्यार्थ्यांच्या खोल्या, आणि आजही तिथे मुलं कुराण शिकतात, आम्ही गेलो तेव्हा आतून पाठांतर ऐकू येत होतं.

आत कुलूप होतं. मग एका मुलाने पळत जाऊन किल्लीवाल्या काकांना बोलावलं, त्यांनी आईला बसायला खुर्ची दिली आणि दिवे न लावता दार उघडं ठेवून बाजूला उभे राहिले. घुमट तेरा मीटरचा, सहा आधारांवर, आणि सहाही आधार भिंतीतच सामावलेले, त्यामुळे मध्ये एकही खांब नाही. ब्लू मॉस्कमधल्या त्या पाच मीटरच्या खांबांनंतर हे बघणं म्हणजे मोकळा श्वास. आणि टाइल्स! मिहराबची भिंत मध्यभागी खालपासून वरपर्यंत फिरोजी-निळी-लाल, दोन्ही बाजूंना वेलींची आणि अक्षरांची पॅनल्स, पण ती संपतात तिथे दगड सुरू होतो, उघडा, स्वच्छ. घुमट जिथे भिंतीला टेकतो त्या तिकोनी जागांमध्ये पुन्हा टाइल्स, खिडक्यांवरच्या कमानींत पुन्हा. म्हणजे बांधकामात जिथे एक भाग दुसऱ्याला भेटतो, जिथे नजर आपोआप जाते, बरोबर तिथे नक्षी. रुस्तम पाशामध्ये सगळं झाकलं, सुलेमानियेत जवळजवळ सगळं उघडं ठेवलं, आणि इथे त्याला नेमकं किती ते सापडलं, असं मला तरी वाटतं. सिनान तेव्हा ऐंशीच्या घरात होता.

मिंबरचा, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनाच्या पायऱ्यांचा, जो शंकूसारखा टोकदार माथा असतो तो इथे टाइल्सनी मढवलाय, फार क्वचित दिसतं हे. वाकलेल्या पृष्ठभागावर नक्षी बसवायची म्हणजे प्रत्येक टाइल वर निमुळती होत गेलेली पाहिजे आणि वेल मात्र तुटता कामा नये. आई त्याच्याभोवती जेवढं फिरता येईल तेवढं फिरली आणि म्हणाली, "याचा कागद वेगळा काढला असणार, भिंतीचा नाही चालणार." काकांनी मग हात वर करून आम्हाला काबातल्या काळ्या दगडाचे तुकडे दाखवले, दारावर, मिहराबवर आणि मिंबरवर सोनेरी चौकटीत बसवलेले, दाखवल्याशिवाय दिसणारच नाहीत एवढे लहान. आणि बाहेर पडताना दारावरच्या सज्ज्याच्या खालच्या बाजूला टॉर्च मारला, तिथे मूळचं रंगकाम शिल्लक आहे, लाल-काळं-सोनेरी, इतकं बारीक की मान दुखेपर्यंत बघितलं तरी संपेना. बाकीच्या मशिदींत वरचं रंगकाम पुन्हा पुन्हा बदललेलं असतं, त्यामुळे जुन्या आतल्या भागाचा खरा रंग कसा होता याचा अंदाज इथेच येतो.

जाणार असाल तर नमाज झाल्या झाल्या जा, तेव्हा दार उघडं असतं. स्कार्फ स्वतःचा ठेवा, मोजे जाड घाला, आणि छोटी दुर्बीण असेल तर नक्की न्या, मी पुढच्या वेळी नेणार आहे. पुढची वेळ म्हणजे एडिर्ने. सिनान जिला आपलं सगळ्यात पक्कं काम मानायचा ती सेलिमिये मशीद तिथे आहे, घुमट एकतीस मीटरच्या वर, आठ खांबांवर, आणि इझनिकच्या उत्तम काळातल्या टाइल्स सुलतानाच्या सज्ज्यात. त्यातल्या काही १८७७-७८ च्या युद्धात रशियन सैन्याने काढून नेल्या, त्या रिकाम्या जागा अजून दिसतात म्हणे. आईने बसचं टाइमटेबल आत्ताच शोधायला लावलंय.